काचेच्या राहू द्या

चांदणी चौकाच्या चढावर, साडेबाराच्या उन्हात,
सायकल गप्प झाली.
डिस्प्लेवर तीन काड्या उभ्या होत्या,
म्हणजे पोटात होतं, पण देत नव्हती.

मागे चौदा डबे. एकात बिनमिठाची आमटी,
बावधनच्या कानडे काकांची.
मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं.
मग चापट मारली,
जुन्या टीव्हीला मारायचो तशी.
(मारू नये. आता माहीत आहे.)

डबे रिक्षानं गेले. दिवसाचा नफाही
त्याच रिक्षात बसून गेला.
मी सायकल धरून वारज्याकडे उतरले.
उतार सोपा असतो, असं
बावीस किलो मागे ओढत जो उतरला नाही
त्याला वाटतं.

यास्मिन तांबोळीचं दुकान म्हणजे एक शटर,
अर्ध्यात चपला शिवणारे गायकैवारी, अर्ध्यात ती.
आयटीआय झालेली, माझ्या धाकटीच्या वयाची.
सायकलकडे तिनं पाहिलंच नाही आधी.
म्हणाली, काकू, धरायला मदत लागेल,
पण हातातल्या पाटल्या काढा.
काचेच्या राहू द्या.

एकोणीस वर्षं निघाल्या नव्हत्या.
गायकैवारींच्या बादलीतलं पाणी, साबणाची वडी,
आणि मनगटावर खाली
कुणा दुसरीचंच वाटावं असं गोरं कातडं.

तिनं किल्ली फिरवली, बॅटरी काढली,
नाकाशी नेली. गोडसर वास नाही ना.
बोटांच्या पाठीनं कवच चाचपलं,
तान्ह्याचा ताप बघतात तसं.
मग फरशीवर ठेवून एक टिचकी.
फुगलेली असली की डोलते म्हणाली.
डोलली असती तर?
तर ती वाळूत, आणि आपण तिघं रस्त्यापलीकडे.

डोलली नाही. तापली मात्र होती.
मी पदर ओला करून पुढे केला.
तिनं असं बघितलं
की मी पदर निमूट खोचला.
आता काय करायचं?
काही नाही. गार होऊ द्यायची.
काही नाही करणं
मला कधी जमलेलं नाही. मी दुकान झाडून काढलं.

चाळीस मिनिटांनी मीटरच्या दोन सुया लावल्या.
शून्य.
गेली, मी म्हणाले.
गेली नाही हो. आत सगळं आहे.
आत एक छोटी पट्टी असते, पहाऱ्याला.
ऊन, चढ, ओझं एकदम अंगावर आलं
की ती दार लावून घेते.
बाहेरून मोजाल तर शून्यच दिसणार.

मला ते आठ दिवस आठवले,
स्वयंपाकघरात मी कुणाशी बोलले नव्हते
आणि थोरले दीर म्हणाले होते,
हिला डॉक्टरला दाखवा.

तार लावून जागी करतात ना काही जण?
तिनं भिंतीवरचा काळा डाग दाखवला.
भाऊ माझा. भुवया आल्या परत.

मग बटण, मनात दहा मोजेपर्यंत दाबून.
मग चार्जर. तिचाच, शेजारच्यांचा नाही.
चार्जरवर हिरवा दिवा.
हिरवा म्हणजे तिला अजून पत्ताच नाही.
हिरवाच.
सबंध पुण्यात लाल दिव्याची
इतकी आतुरतेनं वाट कुणी पाहिली नसेल.
गायकैवारीसुद्धा टोचा हातात धरून थांबले.

लाल.

ऐंशी रुपये. आणि वर,
चढाला पाय मारा, काकू,
सगळं तिच्यावर टाकू नका.
रात्री निजताना चार्जिंगला लावायची नाही.
दाराच्या तोंडाशी तर नाहीच.
परत अशीच निजली तर उठवू नका, घेऊन या.

घरी पोचले तर कानडे काकांचा फोन.
आमटीत मीठ होतं म्हणाले.
फार छान होती म्हणाले.
रिक्षावाल्यानं कुणाचा डबा कुणाला दिला
देव जाणे.

पाटल्या अजून पिशवीतच आहेत,
साबण लागलेल्या.
ह्यांनी विचारलं, हात रिकामे का?
सांगितलं,
गार होऊ द्या.